पाव-खारीचें लहान दुकान : शेतीस एक जोड

शेतीस जोडधंदा असावा हें आतां नव्यानें सांगावयास नको. गाय-म्हैस, कोंबड्या, शेळ्या, रेशमाचे किडे यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे, व वाचकांपैकीं अनेकांनीं त्यांचा अनुभवही घेतला असेल. आज ज्या जोडधंद्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे, तो गोठ्यांतला नव्हे व रानांतलाही नव्हे. तो ओसरीवरचा आहे. तालुक्याच्या बेकरींतून पाव, खारी, टोस्ट, बटर, नानकटाई हा माल घाऊक भावानें आणावा व गांवांत किरकोळीनें विकावा, एवढाच तो धंदा. दिसावयास अगदीं क्षुल्लक. परंतु ह्याच क्षुल्लक धंद्याच्या निमित्तानें आमच्या घरची एक एकर जमीन जातां जातां राहिली, म्हणून त्याची हकीकत सविस्तर सांगण्यासारखी वाटते.

आमच्या लहानपणीं पाव हें आजाऱ्याचें अन्न होतें. घरांत पाव आला कीं कोणास तरी ताप आला असें शेजारी समजत. पाव हा शब्द व पदार्थ, दोन्ही पोर्तुगीजांबरोबर आपल्याकडे आले. गोव्यांत पाव भाजणारास अजूनही पोदेर म्हणतात, व पूर्वीं तेथें पीठ फुगविण्यास माडाची सूर वापरीत. मुंबई-पुण्यास इराण्यांच्या बेकऱ्यांनीं त्याचा प्रसार केला. आतां वडापाव, मिसळ व सकाळचा चहा यांच्या जोरावर तो वाडीवस्तीपर्यंत पोहोंचला आहे. हें चांगलें झालें कीं वाईट, हा वाद येथें काढीत नाहीं. भाकरी ती भाकरीच. परंतु लोक जो माल रोज घेतातच, तो तालुक्याच्या माणसानेंच कां विकावा, एवढाच आमचा प्रश्न आहे.

हकीकतीचें मूळ

२०२३ सालच्या फेब्रुवारी-मार्चांत कांद्याचे भाव कसे कोसळले तें कांदापट्ट्यांतील वाचकांस सांगावयास नको. सरकारनें मागाहून क्विंटलमागें ३५० रुपयांचें अनुदान जाहीर केलें, पण तोंवर पुष्कळांचें कंबरडें मोडलें होतें. आमच्या थोरल्या बंधूंचा मुलगा त्यांतलाच एक. काढणी व गाडीभाडें देऊन त्याच्या हातीं कांहीं उरलें नाहीं. एके संध्याकाळीं तो येऊन म्हणाला, "काका, विहिरीकडची एक एकर काढून टाकावी म्हणतों. तालुक्याला गाळा घेऊन बेकरीच्या मालाचें दुकान टाकतों. रोजचा पैसा रोज हातांत येतो. कांद्यासारखं नाहीं."

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालों. इतक्या वर्षांत किती सातबाऱ्यांवरून किती नांवें कमी झालेलीं पाहिलीं त्याची गणती नाहीं. त्यांतलीं बहुतेक एकाच वाक्यानें सुरू झालेलीं होतीं : 'एवढी एकच एकर विकतों, मग सगळें सुरळीत होईल.' म्हणून आम्हीं त्यास सांगितलें, "बाबा, धंदा वाईट नाहीं, पण जमीन विकून धंदा शिकूं नये. वर्षभर गांवांत करून पाहा. जमलें तर पुढचें पुढें." त्याला तें पटलें असें नाहीं. पण वडील वारल्यापासून तो आमचा शब्द मोडीत नाहीं, एवढ्यावर निभावलें.

त्याचा दुसरा बेत हमरस्त्यालगतच्या आमच्या शेतांत पत्र्याची टपरी टाकण्याचा होता. ह्यालाही आम्हीं नकार दिला. नोकरीच्या काळीं १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेखालीं विनापरवाना बिगरशेती वापराच्या नोटिसा आम्हींच लिहीत होतों. आतां आपल्याच नांवाची नोटीस कोण्या नव्या कारकुनास लिहावयास लावणें शोभलें नसतें. हे नियम मागाहून पुष्कळ सैल होत आले आहेत. तरी शेतांत पाया खोदण्यापूर्वीं तलाठ्याकडे व ग्रामपंचायतींत विचारावें, आणि मोठ्या रस्त्यापासून किती अंतर सोडावें लागतें तें बांधकाम खात्यांत विचारावें. आम्हीं सोपा मार्ग घेतला. घर गावठाणांत, एस. टी. थांब्यासमोर, त्याची ओसरी हेंच दुकान केलें.

भांडवल लागलें तें असें : जुनें कांचेचें कपाट ६,५०० रुपये, इलेक्ट्रॉनिक वजनकाटा ३,०००, झांकणाचे डबे व बरण्या २,५००, फळ्या २,०००, आणि पहिला माल ४,०००; एकूण १८,००० रुपये. हे आम्हीं आमच्या निवृत्तीच्या पैशांतून उसने दिले व वहींत तसे लिहून ठेविले. ज्यांस घरचें भांडवल नाहीं त्यांनीं जमिनीवर बोजा चढवूं नये. २०१५ सालीं सुरू झालेल्या मुद्रा योजनेच्या 'शिशु' वर्गांत ५०,००० रुपयांपर्यंतचें कर्ज तारणाशिवाय मिळूं शकतें, व दुकानदारीसही तें चालतें. अन्नप्रक्रिया उद्योगाचीं अनुदानें माल बनविणारांसाठीं आहेत. नुसती विक्री करणारानें त्यांच्या आशेवर बसूं नये.

एका लादीचें गणित

पहिल्याच आठवड्यांत तोटा आला. पुतण्या रोज ४० लाद्या पाव आणी. सहा पावांची एक लादी आम्हांस १८ रुपयांस पडे व २४ रुपयांस विकली जाई. लादीमागें ६ रुपये नफा, म्हणजे ४० लाद्यांस २४० रुपये, असा त्याचा तोंडचा हिशेब. प्रत्यक्षांत एके दिवशीं २९ लाद्या गेल्या. आलेले पैसे ६९६, मोजलेले ७२०. दिवसभर बसून पदरचे २४ रुपये गेले, व ११ लाद्या उरल्या त्या निराळ्याच.

तेव्हां आम्हीं एक वही आंखून दिली. तिच्यांत तीनच रकाने : आणलें, विकलें, उरलें. चवथ्या ठिकाणीं शेरा : बाजारचा दिवस, एकादशी, पाऊस, लग्न, यात्रा. पीकपाहणीच्या नोंदींत आम्ही आयुष्यभर जें करीत आलों तेंच हें, फक्त पीक पावाचें. तीन महिन्यांच्या नोंदींवरून गांवाची भूक कागदावर उतरली. साध्या दिवशीं २६ च्या आसपास लाद्या जात. आठवडे बाजारीं ४५ सुद्धां कमी पडत. एकादशीस व श्रावणी सोमवारीं निम्म्याही जात नसत.

आतां वाचकांनीं पुढील गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी, कारण ह्या धंद्याचें सारें मर्म तीत आहे. विकलेली लादी ६ रुपये देते. उरलेली लादी १८ रुपये खाते. म्हणजे एक शिळी लादी तीन विकलेल्या लाद्यांचा नफा घेऊन जाते. म्हणून सत्ताविसावी लादी आणावी कीं नाहीं, हें ठरवितांना असें विचारावें : ही लादी चार दिवसांपैकीं किती दिवस विकली जाईल? तीन दिवस विकली गेली तर १८ रुपये मिळाले, चवथ्या दिवशीं उरली तर १८ गेले; फिटंफाट. तीन दिवसांहून कमी विकली जात असेल तर ती लादी आणणें म्हणजे नुकसानीस आमंत्रण.

यावरून एक विलक्षण वाटणारा नियम निघतो. ज्या मालावर चौथाई नफा आहे, जो दुसऱ्या दिवशीं विकतां येत नाहीं व जो बेकरी परत घेत नाहीं, तो माल चार दिवसांपैकीं सुमारें तीन दिवस संध्याकाळपूर्वीं संपलाच पाहिजे. पुतण्यास हें कांहीं केल्या पटेना. "काका, गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत गेलं तर तें दुसरीकडे जाईल कीं!" त्याचें म्हणणें अगदींच खोटें नव्हतें. परंतु पाव संपला तरी कपाटांत खारी व टोस्ट असतात, आणि रिकाम्या हातानें जाणारा मनुष्य आमच्याकडे तरी क्वचित्‌च दिसला. बेकरी शिळा माल परत घेत असेल तर मात्र सारें गणित उलटतें; तेव्हां दोन लाद्या जास्त ठेवण्यास हरकत नाहीं. म्हणून बेकरीवाल्याशीं भाव ठरविण्याच्या आधीं परतीचें बोलावें. भावांत रुपया कमी करून घेण्यापेक्षां परतीची अट पदरांत पाडून घेणें पुष्कळदां अधिक किफायतीचें पडतें.

आधीं सांगून ठेवलेल्या मागणीसारखें दुसरें सुख नाहीं. थांब्यावरच्या वडापावच्या गाडीस रोज २० लाद्या लागत. त्यांस आम्ही २१ रुपयांनीं देऊं लागलों. नफा लादीमागें तीनच रुपये. पण उरण्याची धास्ती नाहीं. गिऱ्हाईक ठरलेलें असलें कीं थोडक्या नफ्यांतही समाधान मानावें.

माल कसा टिकतो

ह्या धंद्यांत मालाचे दोन वर्ग आहेत. पाव, ब्रेड, क्रीम रोल हे ओलसर. त्यांचें आयुष्य थोडकें. खारी, टोस्ट, बटर, नानकटाई हे कोरडे. त्यांचें आयुष्य पुष्कळ. नवशिक्यानें कोरड्या मालापासून सुरुवात करावी, कारण त्यांत चूक झाली तरी दुरुस्तीस वेळ मिळतो.

ओलसर मालाचा वैरी बुरशी. गरम पाव प्लास्टिकमध्यें गुंडाळला कीं आंत वाफेचें पाणी सुटतें व पावसाळ्यांत दुसऱ्याच दिवशीं तळाशीं ठिपके दिसतात. पाव पूर्ण निवाल्यावरच झांकावा. बुरशीचा डाग दिसल्यास तेवढाच भाग कापून बाकीचा विकूं अगर खाऊं नये. मऊ पदार्थांत तिचे तंतू दिसतात त्याहून खोल गेलेले असतात. उन्हाळ्यांत दुसराही एक दोष येतो : ब्रेड आंतून चिकट होतो, तोडल्यास बारीक तार निघते व पिकून सडलेल्या फळासारखा वास येतो. तोही फेंकावाच. कित्येक लोक पाव ताजा राहावा म्हणून शीतकपाटांत ठेवितात. तेथें बुरशी उशिरां येते हें खरें, पण पाव बाहेरच्यापेक्षां लवकर वातड होतो.

कोरड्या मालाचे वैरी दोन : दमट हवा व जुनें तूप-तेल. खारीचा डबा उघडा राहिला कीं ती सादळते. ऊन लागलें कीं तिच्यांतील वनस्पती तूप खवट होतें. डबे झांकणाचे असावेत, भिंतीपासून व जमिनीपासून दूर ठेवावेत, आणि जुना माल संपल्याशिवाय त्यावर नवा ओतूं नये. आमच्या सूनबाई प्रत्येक डब्यावर माल आल्याची तारीख खडूनें लिहितात. धान्याच्या कणग्यांस जो नियम तोच येथें.

उरलेला पाव जनावरांस घालण्याचा मोह शेतकऱ्यास होतोच. बुरशीचा पाव जनावरांस मुळींच देऊं नये. चांगला असला तरी एकदम पाटीभर घातल्यास पोटांत आम्ल वाढून दुभतें जनावर दगावूं शकतें. ११ लाद्यांपायीं म्हैस गमावणें हा कोणता हिशेब!

आमच्या हातून झालेली चूक

पहिल्या आषाढांत ज्या बेकरीकडून माल येई, तिनें एके पहांटे ट्रे गरम असतांनाच प्लास्टिकनें झांकून पाठविला. पुतण्या घाईंत होता, आम्हींही पाहिलें नाहीं. त्यांतल्या चार लाद्या उरल्या त्या दुसऱ्या दिवशीं सकाळीं विकल्या गेल्या. दुपारीं वरच्या आळींतील एक आजीबाई पाव घेऊन आल्या व कांहीं न बोलतां कट्ट्यावर उलटा करून ठेविला. तळाशीं हिरवे ठिपके होते. त्यांच्या नातवानें अर्धा पाव खाल्ला होता. मुलास रात्रीं दोन उलट्या झाल्या. त्या पावानेंच झाल्या कीं काय हें ठरविणें कठीण होतें. पण आम्हांस त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

बेकरीवाल्यास विचारलें तेव्हां उत्तर आलें : माल दुकानांत उतरला कीं जबाबदारी तुमची. रागावून उपयोग नव्हता, कारण आम्हींच त्याच्याशीं कांहीं लिहून ठेविलें नव्हतें. ज्या मनुष्यानें आयुष्यभर लोकांस 'तोंडी कांहीं सांगूं नका, अर्ज लिहून आणा' असें बजावलें, त्यानेंच स्वतःचा व्यवहार तोंडी केला होता! आम्ही व पुतण्या त्या दिवशींच्या चारही गिऱ्हाइकांच्या घरीं पैसे घेऊन गेलों. आजीबाईंनीं पैसे घेतले नाहींत. पण पुढचे तीन महिने त्यांच्या घरचें कोणी दुकानाची पायरीही चढलें नाहीं. गांवांत दुकान चालवावयाचें म्हणजे आपलें नांवच गहाण असतें, हें तेव्हां कळलें.

त्यानंतर बेकरी बदलली व नव्या बेकरीशीं चार अटी कागदावर लिहून घेतल्या : माल निवलेला असावा, पावावर बेकरीचा शिळा माल मिसळूं नये, खराब निघालेला माल त्याच दिवशीं दाखविल्यास बदलून मिळावा, प्रत्येक खेपेस बिल मिळावें. बिलावर बेकरीचा १४ अंकी अन्न परवाना क्रमांक असावा. १ जानेवारी २०२२ पासून तें बंधनकारक आहे. त्यावरून माल कोठला हें सिद्ध करतां येतें. तसेंच पाव फुगविण्यास पूर्वीं वापरांत असलेलें पोटॅशियम ब्रोमेट २०१६ सालीं आपल्या देशांत बंद झालें आहे, तें वापरीत नाहीं ना, हेंही विचारून ठेवावें.

कायद्याच्या चार गोष्टी

अन्न सुरक्षा कायदा २००६ सालचा आहे. लहानांत लहान दुकानासही त्याखालीं नोंदणी लागते. ती संगणकावर होते, शुल्क नाममात्र आहे. मिळालेलें प्रमाणपत्र दर्शनी भागीं लावावें. वजनकाट्याची पडताळणी दरवर्षीं करून शिक्का घ्यावा. पाकिटावरील छापील किमतीपेक्षां एक पैसाही जास्त घेऊं नये, व मुदत संपलेलें पाकीट कपाटांतच ठेवूं नये. खारी वर्तमानपत्रांत बांधूं नये. छपाईची शाई अन्नास लागते. प्लास्टिकच्या हातपिशव्या महाराष्ट्रांत २०१८ पासून बंद आहेत, तेव्हां साध्या कोऱ्या कागदाच्या पिशव्या ठेवाव्यात. पाव व ब्रेड यांवर जी. एस. टी. नाहीं, बिस्किटांवरील कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्के झाला आहे. नुसत्या मालाच्या विक्रीची वार्षिक उलाढाल ४० लाख रुपयांच्या आंत असेपर्यंत आपल्या राज्यांत दुकानदारास बहुधा त्या नोंदणीची गरज पडत नाहीं.

उधारी

तोट्याचें दुसरें भोंक उधारीचें. शेतकऱ्याच्या हातीं पैसा येतो तो हंगामास. खारी मात्र रोज लागते. सहा महिन्यांत उधारीची बाकी ११,४०० रुपये झाली, म्हणजे भांडवलाच्या निम्म्याहून जास्त. वसुली हा आमचा जन्माचा धंदा. परंतु सरकारी वसुली व शेजाऱ्याकडील वसुली यांत फार अंतर आहे. शेजाऱ्यावर जप्ती नेतां येत नाहीं. आणि नेतां आली असती तरी नेऊं नये.

आम्हीं तीन नियम केले. पाव उधार द्यावयाचा नाहीं, मग मागणारा कोणीही असो, आमचे व्याही असोत. कोरडा माल घरटी २०० रुपयांपर्यंतच उधार. मागील बाकी फिटल्याशिवाय नवें पान नाहीं. हे नियम पाटीवर न लिहितां प्रत्येकास हात जोडून तोंडीं सांगितले. पाटीनें मनुष्य दुखावतो, बोलण्यानें वळतो. एक-दोन घरें रुसलीं. बाकीच्यांनीं दोन हंगामांत फेडलें. मोबाईलवरून पैसे देण्याची सोय झाल्यापासून 'सुटे नाहींत' ही सबब मात्र कायमची गेली, हा त्यांतला फायदा.

फळ काय मिळालें

सांप्रत साध्या महिन्याचा आमचा हिशेब असा आहे. गांवच्या पावापासून सुमारें ४,५०० रुपये, गाडीच्या ठरीव लाद्यांपासून १,८००, कोरड्या मालापासून ५,०००, एकूण ११,३००. त्यांतून पेट्रोल, वीज, पिशव्या व नासाडी मिळून २,८०० वजा जातां ८,५०० रुपये राहतात. हा आंकडा पाहून कोणी हुरळून जाऊं नये. पुतण्या पहांटे साडेचारास उठून बेकरी गांठतो व सूनबाई दिवसभर दुकान सांभाळून घरचेंही पाहतात. दोघांची मजुरी धरली तर नफा म्हणून फारसें कांहीं उरत नाहीं. ज्याच्या घरीं पहांटे उठणारें व गोड बोलणारें माणूस नाहीं, त्यानें ह्या धंद्याच्या वाटेस जाऊं नये.

मग मिळविलें काय? पूर्वीं कांदा निघाला कीं मजुरांचे व खताच्या दुकानाचे पैसे भागविण्यासाठीं तो पहिल्याच बाजारीं, मिळेल त्या भावानें, टाकावा लागे. आतां घरखर्च ओसरीवर निघतो. त्यामुळें उन्हाळी कांदा चाळींत ठेवून चार आठवडे भावाची वाट पाहण्याची ताकद आली. भाव नेहमींच वाढतो असें नाहीं, व चाळींत कांदा सडतोही. परंतु नाइलाजानें विकणें व विचार करून विकणें यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. ८,५०० रुपयांची किंमत तेवढ्यावरच करूं नये. ते कांद्याच्या पाठीशीं उभे राहतात ही त्यांची खरी किंमत.

आमचे १८,००० रुपये पुतण्यानें गेल्या दिवाळींत परत केले. पैसे देतांना म्हणाला, "काका, आतां स्वतःची भट्टी टाकूं या." आम्हीं म्हटलें, "टाकूं. पण आधीं आणखी एक वर्ष वही भर." तो हंसला व निघून गेला, वही मात्र अद्यापि भरतो. विहिरीकडच्या एकरांत यंदा गहूं उभा आहे.

आजीबाईंच्या घरचेंही आतां पुन्हा येऊं लागले आहेत. नातू आला कीं पाव हातीं घेऊन आधीं उलटा करून तळ पाहतो, मगच पिशवींत टाकतो. आम्ही त्यास कधींच रागावत नाहीं. प्रत्येक गिऱ्हाइकानें तसेंच करावें, व प्रत्येक दुकानदारानें त्याच्या आधीं आपण करावें, एवढी विनंती करून हा लेख पुरा करतों.